प्रत्येक हंड्याची काठी वेगळी

मंगळवार, मैसूर

छपाईचं टेबल, खोकी कापायचं यंत्र, उदबत्ती वाळवायचं कपाट. तिन्ही याच हातांनी केली, कुणी शिकवलं नाही. त्यांवर उभे राहिलेले तिन्ही धंदे माझ्या एकट्याच्या नावावर. आज ऑडिटर म्हणाले, "एक बुडाला तर घरही जाईल. कंपनी करा."

मेव्हणा टपलेलाच. "भावोजी, तिन्ही एकाच कंपनीत घाला, निम्मा वाटा माझा. सुम्ने, उगाच विचार काय करत बसता?"

मी मान डोलावलीही. मग अप्पांची काठी आठवली. माझे वडील, रंगारी माणूस; रंगाच्या प्रत्येक हंड्याला ढवळायला वेगळी काठी, म्हणजे एक रंग नासला तरी दुसऱ्याला लागत नाही. मग तीन वेगळ्या कंपन्या? खर्च तिप्पट. झेपेल? न झेपायला काय झालं! काठ्या वेगळ्याच हव्यात.

बायको भावासाठी रुसून जेवली नाही. तरी त्याला फोन करून नाही म्हटलं. निम्म्या वाट्याचे चाळीस लाख देत होता.