चौदा आडवा, घरं चार

४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पेपरातलं तू रचलेलं शब्दकोडं दुकान उघडल्या उघडल्या घेतलं आणि चौदा आडव्यापाशी गाडी रुतली. 'काटे आहेत पण टोचत नाहीत, चालतं पण पोचत नाही.' पहिलं अक्षर 'घ', घरं चार. 'घड्याळ' लगेच सुचलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला ते सुचू नये तर काय. पण त्यात अक्षरं तीनच. तुझ्या भावजयीने 'घरधनी' बसवला. म्हणाली, चालतो पण पोचत नाही, अगदी चपखल. मी दाढी न केलेला गाल पुढे केला. काटे टोचले, शब्द बाद. तीन दिवस गिऱ्हाइकांचीही डोकी खाल्ली. आता तूच सोडव.

लोभ सवडीने वाढव, उत्तर मात्र लगेच पाठव.
तुझा टिल्लू

९ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

साठी उलटली तरी मोजता येईना का? उत्तर 'घड्याळ'च आणि घरं तीनच. सत्तावीस वर्षांत माझं एकही घर इकडचं तिकडे झालेलं नाही. तू मात्र शाळेत माझ्याच वहीवर तरलास.

इकडे ठीक. हल्ली दिवे फार मंद बनवतात, तेवढीच तक्रार.

माया आहेच, मोजणी सुधार.
अक्का

१३ जून

ती. अक्कास,
सा. न.

डोळ्याला भिंग लावून मोजली, चारच आहेत. कात्रण सोबत आहे. मग चैन पडेना, म्हणून तुझं पत्रही भिंगाखाली धरलं. फळ्यावर दोरी लावल्यासारखं सरळ लिहिणारी तू, आणि तिसरी ओळ दुसरीवर चढलेली. गिऱ्हाईक म्हणतं, घड्याळ ठीक आहे, रेडिओच पुढे जातो. त्याला सांगतो तेच तुला सांगतो: उघडून बघू या. कधीपासून दिसत नाही?

रागावलीस तरी लोभ असू दे.
टिल्लू

१७ जून

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

वर्ष होत आलं. दोन्ही डोळ्यांपुढे धुकं आहे, चौकटी अंदाजाने आखते. डॉक्टर मोतीबिंदू म्हणाले, मी परत गेलेच नाही. भीती शस्त्रक्रियेची नाही रे. संपादकांना कळलं तर कोडं दुसऱ्याला देतील. शाळा संपली, हे गेले. कोणी वाट पाहावी असं एवढंच काम उरलंय. कुणाला बोलू नकोस.

तुझ्या भरवशावर,
अक्का

२० जून

ती. अक्कास,
सा. न.

बोललो. संपादकांना फोन केला. चौदा आडव्यावर एकवीस पत्रं आली म्हणाले, आणि प्रत्येकाने चूक आपलीच असणार असं लिहिलंय. महिनाभर ते तुझी जुनी कोडी छापतील, जागा तुझीच. सोमवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं येतोय. नाही म्हणायला वेळ उरू नये म्हणून पत्र उशिरा टाकतोय.

लोभ असेल तर दार उघड.
टिल्लू

९ जुलै

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. पहिला डोळा छान आहे, दुसरा पुढच्या महिन्यात. एक गोष्ट तेव्हा बोलले नाही. पट्टी काढल्यावर मी गप्प राहिले आणि तू घाबरलास. खरं म्हणजे समोर कोण बसलंय तेच मला कळेना. माझ्या मनातला टिल्लू कितीतरी वर्षांपूर्वीच्या भेटीतला, काळ्या केसांचा, आणि हा पिकल्या केसांचा गृहस्थ कोण? मग तू रडू लपवायला लहानपणासारखं नाक ओढलंस, आणि ओळख पटली.

नजर नवी, माया जुनीच.
अक्का