लेकीची किडनी

आण्णा, आज वर्गात फळ्यावर किडनी काढली. पुस्तकात तिला वृक्क म्हणतात, पण मुलं किडनीच म्हणतात आणि मीही. दरवर्षी हा धडा येतो आणि दरवर्षी माझा आवाज चढतो. मुलांना वाटतं, परीक्षेला नक्की येणार म्हणून बाई ओरडून सांगतात. मुठीएवढे दोन अवयव, पाठीकडे बरगड्यांच्या आडोशाला. अंगातलं सगळं रक्त दिवसभर पुन्हापुन्हा त्यांच्यातून जातं, कामाचं ते रक्तात परत येतं, नको ते पाण्याबरोबर बाहेर पडतं. एक काढली तरी दुसरी सगळं सांभाळून घेते. आज एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग एक कुनाला देता येती का?" येते, म्हटलं. घेणारा तसा हवा.

नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन, पण माझा राग उतरत नाही. तुम्ही आठवड्यातून दोनदा डायलिसिसला हिर्डोशीहून भोर आणि भोरहून पुण्याला जायचात. परतताना भोरला गावाकडची एसटी लागेपर्यंत माझ्या दारात बसायचात. दारात म्हणजे ओट्यावर, आत नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आपल्या घरची रीत. मला मूल झालंच नाही, त्यामुळे ती रीत कधी संपलीच नाही. डॉक्टरांनी तुम्हाला पाणी मोजून दिलेलं. तहानेनं तुमचे ओठ तडकलेले असायचे, आणि तुम्ही पिशवीतून घरची कोमट बाटली काढून दोन घोट घ्यायचात. मी पेला घेऊन उभी. तुम्ही म्हणायचात, "ने आत. कुनी बगंल." कुणी बघितलं असतं तर काय झालं असतं, आण्णा? चांगलं शिकवलंत मला, विज्ञान शिकवण्याइतकं, आणि स्वतः माझ्या दारात तहानलेले बसलात.

आईला रक्तदाब, तिची किडनी चालणार नव्हती. भावाचा रक्तगट आईवर गेलेला, तोही बाद. माझा तुमचाच, 'ओ' गट. मग शेवटची तपासणी झाली. तुमच्या रक्तातलं पाणी आणि माझ्या पांढऱ्या पेशी एकत्र करून बघतात. घेणाऱ्याचं रक्त देणाऱ्याच्या पेशींवर तुटून पडलं तर सगळं तिथंच थांबतं. तुमचं रक्त माझ्या पेशींच्या वाटेला गेलं नाही. शरीर आपलं कोण आणि बाहेरचं कोण हे सतत तपासत असतं, हे मी पोरांना शिकवते. बाहेरचं दिसलं की ते लढायला उठतं. माझी किडनी बसवली असती तर तुमच्या शरीरानं थोडीफार कुरकुर केली असती, आयुष्यभर गोळ्या खाऊन ती दाबावी लागली असती. पण तुमच्या रक्तानं मला एवढं परकं मानलं नाही. तुम्ही मानलंत.

डॉक्टर अहवाल दाखवत होते. तुम्ही टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लेकीच्या घरचं पानी पीत न्हाई मी. तिची किडनी कशी घिऊ?" आई म्हणाली, "आवं, ती मनापासनं देतीय." तुम्ही म्हणालात, "द्यायचं आपुन असतं. लेकीकडनं घ्यायचं नसतं." भाऊ खिडकीतून बाहेर बघत होता. त्याची जुळली असती तर घेतली असतीत, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी फाईल मिटली. दीड वर्षानं तुम्ही गेलात, पाय सुजून, श्वास लागून, रीत शाबूत ठेवून. दहाव्याला लोक म्हणाले, माणूस तत्त्वाचा होता. मला त्या लोकांना घाटातून खाली ढकलावंसं वाटलं. माझ्या पोटात तुमच्या कामाची एक किडनी धडधाकट होती आणि आजही आहे, आणि ते तत्त्वाचं कौतुक करत भात वाढून घेत होते.

हे सगळं मी नऊ वर्षं नवऱ्याला, आईला, ज्याला त्याला ऐकवत आले आहे. भावाशी तर दोन वर्षं बोलले नव्हते. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, आणि तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही म्हणूनच लिहिते. त्या तपासण्या चालू होत्या तेव्हा मला अन्न जात नव्हतं. पोट कापणार, एक किडनी काढून घेणार, मी उठलेच नाही तर काय, एवढंच डोक्यात. आणि तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले, पण आतून मला हायसं वाटलं. पुढं दीड वर्षं तुम्ही आठवड्यातून दोनदा माझ्या ओट्यावर येऊन बसत होतात. मी तुम्हाला एकदाही पुन्हा विचारलं नाही.