अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी

अलेक्झांड्रिया, १२ नोव्हेंबर १९९८

लाडक्या इंजी,

सलाम. इकडे सगळं ठीक. समुद्र खवळलाय, गुडघे कुरकुरतात. खालची उम्म सय्यद रोज डबा पाठवते आणि कालचा डबा परत दिला नाही म्हणून जिन्यातून ओरडते.

आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी तू म्हणालीस, "बाबा, दगड आहात तुम्ही. डोळ्यांत टिपूस नाही." त्यानंतर तुझा फोन नाही. मी रागावलो नाही गं. मला रागसुद्धा येत नाही.

परवा अत्तारीनच्या जुन्या बाजारात जाऊन जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. आपल्याकडची ती जुनी तबकडी आठवते ना? गाणारी बाई तान घेते आणि मागच्या कोरसमधली एक पोरगी न राहवून ओरडते, "अल्ला! पुन्हा एकदा!" ती पोरगी म्हणजे वीस वर्षांची दौलत, तुझी आई. रेकॉर्ड करणारा चिडला, पण बाई म्हणाल्या, "राहू दे, हीच खरी दाद."

दुकानदार वहीब म्हणाला, "काका, तपासायला स्वतःची तबकडी नाही आणली? नवरी न बघताच लग्न?" विसरलो म्हणालो. विसरलो नव्हतो. एक प्लेअर डुलतो म्हणून नाकारला, दुसऱ्याचा आवाज घोगरा म्हणून. तिसरा चकचकीत होता. वहीबनं बजावलं, "हा मिनिटाला तेहतीस आणि पंचेचाळीस फेऱ्यांवरच फिरतो हं. अठ्ठ्याहत्तरची जुनी तबकडी असेल तर नका नेऊ."

"माझ्याकडे जुनं काही नाही," मी म्हणालो.

घरी येऊन तीच तबकडी पंचेचाळीसवर लावली. तुझ्या आईची ती आरोळी एखाद्या पेंगुळलेल्या पुरुषासारखी निघाली. मी पाव आणि घेवड्याची उसळ खात ऐकत राहिलो. काहीच वाटलं नाही. बरं झालं, असं मनात आलं, आणि त्या 'बरं झालं'नं मी घाबरलो, पोरी.

काल प्लेअर बदलायला गेलो. "लबाडी पचली नाही वाटतं!" वहीब हसला. या वेळी झाकण तडकलेला, दिसायला अगदी ओंगळ, पण अठ्ठ्याहत्तरवर फिरणारा घेतला. जुन्या तबकड्यांची जाड सुईही त्यानं बसवून दिली.

तबकडी लावून ठेवलीय. सकाळपासून तीनदा सुई उचलली, तीनदा परत जागेवर ठेवली. तिचा खरा आवाज ऐकूनही काही वाटलं नाही, तर मग माझ्यात उरलं काय?

तू ये. सुई तू टेकव. मी शेजारी बसतो.

तुझा दगड,
बाबा