सहा अंडी आणि दोन शॉकअप

३० नोव्हेंबर, रविवार

सहाच्या सहा फुटली! हादरे किती बसतात बघायला ट्रेलरच्या कपाटात अंडी ठेवून तो पावसहून भाट्यापर्यंत ओढत नेला, परत आलो, तर कपाटातून पिवळं गळतंय. वजीर हसत बसले. मी नाही हसले. पुसायचं कोणी?

नितेश — मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्याच्या शेडमध्येच हा ट्रेलर बांधला — म्हणतो, "भाबी, नुसत्या स्प्रिंगच्या पाट्यांवर हाय ना तो. पाटे उडवणारच. शॉकअप टाकूया, ते उडी गिळतात." मग आधीच का नाही टाकले!

एकोणीस वर्षं वजीर कतारला होते. वर्षातून एक महिना नवरा, बाकी फोन. मार्चमध्ये कायमचे आले आणि म्हणाले, "आता जिथं जायचं तिथं दोघं." म्हणून हा ट्रेलर. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. जीपला जोडायचा आणि निघायचं. पहिला मुक्काम केळशीला, माझ्या खालाच्या वाडीत — २ जानेवारी. तारीख मी कॅलेंडरवर लाल केलीय.

५ डिसेंबर, शुक्रवार

शॉकअप बसले, एकेका चाकाला एक. आणि काम फसलं! नितेशनं माप घेतलं ते ट्रेलर रिकामा असताना. टाकी भरली, भांडी चढवली, तर ट्रेलर इतका खाली बसला की शॉकअपला दबायला जागाच उरली नाही. पहिल्याच खड्ड्यात धाड! दोन अंडी गेली.

वजीर त्याच्यावर ओरडले, "भरून माप घे रे! संसार काय रिकामा ओढायचा हाय?" हे वाक्य दिवसभर माझ्या कानात होतं. चहात दोनदा साखर घातली मी आज.

१० डिसेंबर, बुधवार

वरचे ब्रॅकेट सरकवून पुन्हा वेल्ड केले. आता चालवायला मलाच बसवतात. जोडणं, सोडणं, आरसे, रिव्हर्स. रिव्हर्सला रडकुंडीला आले — ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे! "परत घे," म्हणतात. "फेरीबोटीवर उलटा चढवताना कोण येणार हाय मदतीला?"

मी म्हटलं, तुम्ही असाल की. ते खाली वाकून नट तपासायला लागले.

११ डिसेंबर

चार वेळा सरळ मागे घेतला. मी! शेहेचाळिसाव्या वर्षी!

१६ डिसेंबर, मंगळवार

सहाही अंडी शाबूत. पावस ते रत्नागिरी आणि परत, खड्डे न चुकवता. त्या आनंदात चादरी ठेवायला म्हणून पलंगाखालचा कप्पा उघडला.

आत सुके बोंबील. दोन किलो मसाला. प्रत्येक पाकीट मशिनवर सीलबंद, त्यावर चिकटपट्टी आडवी-उभी, त्यावर जुना टॉवेल गुंडाळलेला.

केळशीला जाताना कोणी बोंबील असे बांधत नाही. असे बांधतात विमानासाठी, बॅगेला वास येऊ नये म्हणून. एकोणीस वर्षं हेच बांधत आलेय मी, याच हातांनी. मला कोण फसवणार यात!

मसाला झुबेदाआपांचा. रंगावरूनच कळलं, इतका लाल त्याच करतात. माझी नणंद. रोज दुपारी माझ्याकडे चहाला येतात. काल बशीत बिस्कीट बुडवत विचारत होत्या, "केळशीला काय काय नेतंस गो?" लाज नाही वाटली?

१७ डिसेंबर

पाकिटं वजीरच्या ताटाशेजारी मांडून ठेवली. जेवण तसंच राहिलं. मग म्हणतो — हो, आजपासून या वहीत "म्हणतात" नाही — "तीसला विमान हाय. दोन वर्षांचा करार. इथं दिवस जात नाय, रुबी. तिथं मी फोरमन. पोरं उभी राहतात मना बघून. इथं कोण विचारतो?"

मी विचारत होते की! रोज. जेवलात का, झोप झाली का, कुठे जाऊया.

"आणि ट्रेलर?"

"तुझ्यासाठीच नीट करून घेतला. एकटीनं ओढलास तरी त्रास नाय व्हायचा."

एकटीनं! म्हणजे तो रिव्हर्स, ते आरसे, ते "परत घे" — सगळं त्यासाठी. मी खुळी, प्रेम समजून शिकत होते. रस्त्यातला खड्डा मला लागू नये म्हणून दोनदा वेल्डिंग केलं या माणसानं, आणि तोंड उघडून एक वाक्य बोलवलं नाही. आपांना माहीत. नितेशलाही माहीत असणार. माहीत नव्हतं ते फक्त मला.

२० डिसेंबर

आपा आल्या. "त्यानं शपथ घातलीन होती गो." मी चहा टाकला नाही.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारच्या गाडीनं गेला. स्टेशनवर मी गेले नाही. आजवर एकदाही चुकवलं नव्हतं. बॅग त्यानंच भरली. बोंबील नेले.

२ जानेवारी, शुक्रवार. केळशी

आले! एकटी! आधी जयगडची फेरी, मग दाभोळची. दोन्हीकडे ट्रेलर उलटा चढवला. दाभोळला मागचा टेम्पोवाला खाली उतरून बघत राहिला होता. त्याला म्हटलं, बघता काय, बाजूला व्हा!

खालाच्या वाडीत माडांखाली लावलाय. सहाही अंडी शाबूत. खालानं त्यातली दोन तव्यावर फोडली आणि मला रडू फुटलं. ट्रेलर इतका मऊ आला रस्ताभर. काम चोख केलं होतं त्यानं, तेच सहन होत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

वजीरचा फोन. तो पोचायच्या आधीच कंपनीनं जागा दुसऱ्याला दिली, एका तरुण पोराला. शुक्रवारी परत येतोय. "आधी एक शब्द नाय बोलले मना, रुबी! एवढी वर्षं दिली मी त्यांना!" आवाज रडवेला. मग म्हणाला, "स्टेशनला गाडी घेऊन ये."

म्हटलं, रिक्षा करा. घराची चावी आपांकडे आहे. शुक्रवारी मी बाणकोटची फेरी ओलांडून पुढे गेलेली असेन.