गाद्यांच्या कारखान्यात झोपलेला ड्रमर

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (गिटार गळ्यात अडकवून कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी सहाच अंगांनी केला असं समज.) टाक्यांची जागा अजून ओढते का? पथ्य पाळतेस, की डॉक्टरांनाच पथ्य शिकवतेस? मी ठीक, म्हणजे जेवतो-खातो. बाकी विचारू नकोस.

तर आमचा पहिला अख्खा अल्बम निघाला. सात गाणी, त्रेपन्न मिनिटं. आमचं संगीत सायकेडेलिक स्टोनर रॉक. ('स्टोनर' म्हणजे काय, असं तू विचारलं होतंस तेव्हा 'दगडासारखं भक्कम' असं सांगून मी वेळ मारून नेली होती. आता खोलात शिरू नकोस. आम्ही तिघं चहापलीकडे गेलेलो नाही.) यात गिटार जाडजूड गुरगुरते, चाल गोगलगायीची, आणि एकच सुरावट इतका वेळ वाजते की ऐकणाऱ्याला आपण कोण, कुठले याचा विसर पडावा. तिघं म्हणजे गिटार आणि गळा माझा, बेस गिटार आमच्या भूगोलाच्या मास्तरांची, आणि ड्रम तुझ्या लेकाचे.

रेकॉर्डिंगला मास्तरांच्या मेव्हण्याचा गाद्यांचा कारखाना सुट्टीच्या दिवशी मागून घेतला. चहूबाजूंनी छतापर्यंत गाद्या. आवाज असा गोळीबंद आला की बस! पण गादीचा मूळ धर्म काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटचं गाणं चौदा मिनिटांचं. नवव्या मिनिटाला ठोके लांब लांब पडायला लागले. मला वाटलं, वा, काय संयम! मास्तरांनी तर डोळे मिटून मान डोलावली. मग ठोके थांबले आणि घोरणं सुरू झालं. तुझा लेक समोरच्या ड्रमवर गाल टेकून झोपला होता, हातातल्या काठ्या तशाच ताठ.

मी हसायला हवं होतं. एखादी गादी खाली ओढून त्याला आडवं करायला हवं होतं. ते सोडून मी त्याला गदागदा हलवलं आणि म्हणालो, "तुझ्यापेक्षा मशीन बरं. निदान जागं तरी राहतं." तो डोळे चोळत म्हणाला, "मग मशीनच आण." काठ्या पिशवीत घातल्या, मास्तरांना "येतो" म्हणाला, मला काहीच नाही. त्या आठवड्यात तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि तो चार रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून होता, हे मला मागाहून कळलं.

मीही हट्टाला पेटलो. सहा गाण्यांतले त्याचे ठोके पुसून मशीनचे भरले. मशीन चुकत नाही, दमत नाही; पण गाणं रडायला टेकलं तरी त्याचं आपलं ठकठक चालूच, जणू शेजारी कुणी खिळे ठोकतंय. सातवं पुसायला गेलो तेव्हा मास्तर आडवे आले. "हे राहू दे," एवढंच म्हणाले. घोरण्यासकट राहिलं. आता ज्याला-त्याला तेवढंच आवडतं. एकानं तर लिहिलं, शेवटी पृथ्वीच उसासा टाकते आहे. (पृथ्वी डाव्या नाकपुडीनं शिट्टी मारते, हे तुला-मला ठाऊक.) माझ्याच्यानं ते गाणं शेवटपर्यंत ऐकवत नाही. कव्हरवर नावं दोनच आहेत. गेल्या रविवारी सरावाला मास्तर आणि मी असे दोघंच बसलो, मध्ये त्याचं रिकामं स्टूल. अर्ध्या तासात गिटारी उतरवल्या.

प्रकृतीला जप.

तुझा भाचा

ता. क. — तो माझा फोन उचलत नाही. सहाही गाणी पुन्हा करू, त्याच्या ठोक्यांवर, आणि कव्हर तीन नावांचं छापू. तू त्याला विचारशील का? तुझं तो ऐकतो.

ता. क. २ — 'मागाहून कळलं' हे खोटं आहे. त्या सकाळी गाद्या सरकवताना तो म्हणाला होता, "आईजवळ कुणी नाही रे, आजचं राहू द्यायचं का?" मी म्हणालो, "हे एक गाणं होऊ दे, मग जा." त्यानं तुला हे सांगितलं नसणार. म्हणून मी सांगतो. आता विचारावंसं वाटलं, तरच विचार.