कोरायचे राहिलेले डोळे

वन्सं,

त्या सकाळी मी लाकडाचा भुसा झाडत होते. हे मुखवट्याची हनुवटी घासत म्हणाले, "डोळे उद्या कोरू." मी म्हटलं, "कंटाळा आला म्हणा की सरळ!" दुपारी मुखवटा मांडीवर असतानाच यांनी प्राण सोडला.

डोळे राहिलेला मुखवटा पुरायचा, नाहीतर घडवणारा घरातच घुटमळतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो मी उशाशी ठेवलाय. घुटमळू देत.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वहिनी, पुरलास ना? दादाला अडकवू नकोस गं. रविवारी येऊन जागा बघते." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला दाखवायला मी परसात खड्डा खणला आणि रिकामाच बुजवला. पण रविवारी तुमच्यासमोर खोटं बोलवणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमचीच,
वहिनी