टाकी तीन: हालचाल आहे

सोमवार
तिन्ही टाक्या धुऊन रिकाम्या झाल्या, असं मुकादमांनी माझ्या खोलीत डोकावून सांगितलं आणि सरसाच्या कारखान्यातला माझा पहिला दिवस सुरू झाला. सरस करायला उकळतात त्या कातडी-हाडांचा वास नाकात बसलाय, पण खोली उजेडाची आणि काम सोपं. टाक्यांवर लक्ष ठेवणारा पायथन प्रोग्राम सुधारायचा. त्यातलं एक फंक्शन टाकीत कोणी हलतंय का ते तपासून पडद्यावर छापतं. तसं दिसलं की मुकादम टाकीचं झाकण लावायचं थांबवतात. टाक्या धुणाऱ्या मामांनी, कलप लावलेले केस सावरत, बजावलं की नाकाला चिमटा लाव, नाहीतर पळून जाशील.

मंगळवार
फंक्शन सतत छापतं, ‘हालचाल नाही’. पडद्यावर ओळींचा पूर. मुकादम करवादले, याचं तोंड बंद करा. मी अट घातली: मागितलं तरच छाप, एरवी फक्त उत्तर परत दे. ते उत्तर घेऊन झाकण आपोआप थांबवणारा भाग उद्या लिहीन. मुकादमांनी पाठ थोपटली.

बुधवार
मामा आले नाहीत. मामी फाटकाशी आल्या. म्हणाल्या, काल घरीच परतले नाहीत. मुकादम म्हणाले, पडले असतील कुठे पिऊन. त्यावर मामींनी सुनावलं, तो माणूस दारूला शिवत नाही.
तिसरी टाकी कालपासून उकळतेय. वास गोडसर झालाय. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

गुरुवार
तिसऱ्या टाकीच्या सरसात केस. मुकादम म्हणतात, जनावराचे. काळे, मुळाशी पांढरे. जनावरं कलप लावत नाहीत.
छपाई चालू केली. ‘टाकी तीन: हालचाल आहे.’ उकळत्या टाकीत.

शुक्रवार
छपाई बंद केली. ओळ येतेच. प्रोग्राममधून ती ओळच पुसली. येतेच. सेन्सरची वायर उपटली — ऊन, बुळबुळीत, टोकाला केस —
फंक्शन कोणी चालवल्याशिवाय चालत नाही. मी चालवलेलं नाही.

शनिवार
मुकादमांनी कबूल केलं. मंगळवारी मामा तळ घासायला पुन्हा आत उतरले होते; झाकण मुकादमांनीच लावलं, आत न पाहता — पडदा गप्प होता म्हणून. गप्प मी केला. मामी फाटकाशी बसून आहेत. त्यांना काय —
कीबोर्डच्या कळा बोटांना चिकटतायत. नवी ओळ. ‘खोली: हालचाल आहे.’
खोलीत सेन्सर नाही.
दारापासून खुर्चीपर्यंत सरसाचे ओले ठसे. गोड वास, मानेशी —
पोलीस निघालेत. आल्यावर टाकी उघडतील. आत काही सापडणार नाही, कारण मामा —